नव्या गाण्याची पारख

जळगावच्या सराफ बाजारात सोने विकायला गेले की सराफ आधी काळा दगड काढतो. त्यावर दागिन्याची रेघ ओढतो, शेजारी माहीतगार कसाची रेघ ओढतो आणि मग भाव सांगतो. कापसाच्या बाजारात मात्र हा दगड उपयोगाचा नाही. तिथे व्यापारी रुई चिमटीत धरतो, ओढून धाग्याची लांबी बघतो. रावेर-यावलकडे केळीचा घड पाहायचा तर फण्या मोजाव्या लागतात, केळ्याची जाडी बघावी लागते. ज्या मालाची जी कसोटी, तीच त्याला लावायची, एवढे शहाणपण आपल्या खानदेशात शेतकऱ्यापासून अडत्यापर्यंत सर्वांजवळ आहे.

मग गाण्याचे काय? नवे गाणे बाजारात आले म्हणजे ते चांगले की वाईट हे कोण ठरवते, आणि कोणत्या कसोटीवर? प्रश्न दिसतो साधा, पण त्याला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. हा इतिहास गाणाऱ्यांचा म्हणून पुष्कळांनी सांगितला आहे. आज आपण तो ऐकून मत देणाऱ्यांच्या बाजूने थोडा पाहू.

गाणे हा विकत घेण्याचा माल झाला तो तबकडीमुळे. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्रे घेऊन कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हर गावी. तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावे म्हणून गाणे संपताच बाई स्वतःचे नाव सांगत. पुढे कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना निघाला आणि चावीचा ग्रामोफोन हळूहळू सावकाराच्या माडीवर, मग चहाच्या दुकानात, मग जत्रेतल्या पालात येऊन बसला. कर्ण्यातून आवाज आला की माणसे आत कोण बसले आहे ते पाहायला वाकत.

त्या काळी नव्या तबकडीविषयीचे पहिले मत कोणाचे असे? कंपनीचेच! कंपन्या महिन्याच्या महिन्याला याद्या छापत. त्यात गाण्याचे शब्द असत, गवयाचे छायाचित्र असे आणि प्रत्येक तबकडी अपूर्व असे. विकणाराच पारखी होऊन बसला म्हणजे दुसरे काय व्हायचे? म्हणतात ना, आपले ते बाब्या. पण या याद्यांवर हसताना एक गोष्ट विसरू नये. खेड्यातल्या माणसाला गाण्याचे छापील शब्द पहिल्यांदा मिळाले ते पुष्कळदा याच पानांतून.

तबकडीने गाण्याचे मापही बदलले. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, त्यात काय ते उरकायचे. बालगंधर्वांचे नाट्यपद रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत कितीतरी वेळ चाले. ‘मानापमान’ १९११ सालचे, ‘स्वयंवर’ १९१६ सालचे. या नाटकांनी मुंबई-पुण्याला रात्री जागवल्या. तेच पद तबकडीवर आले ते कात्रीने कापल्यासारखे. ज्यांनी नाटक पाहिले होते ते म्हणत, हे बालगंधर्वांचे खरे गाणे नव्हे. ज्यांनी नाटक पाहिले नव्हते त्यांना मात्र हेच खरे गाणे वाटे. आणि खेड्यापाड्यांत तर दुसऱ्या प्रकारचेच लोक जास्त. बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावला नातलगांकडे होते, इथेच मेहबूबखां यांच्याकडून त्यांना गाण्याचे धडे मिळाले, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असते. जळगावचे खुले नाट्यगृह त्यांच्याच नावाचे आहे. तरी आपल्या भागातल्या हजारो माणसांची त्यांच्या गाण्याशी भेट झाली ती कर्ण्यातूनच. तेव्हा तबकडीला खोटे गाणे म्हणून भागणार नव्हते. तबकडीची म्हणून वेगळी पारख हवी होती.

मराठीत गाण्याची निर्भीड, कारणे देऊन पारख करणारा माणूस लाभला तो केशवराव भोळे यांच्या रूपाने. विदर्भातून ते वैद्यकीच्या शिक्षणासाठी मुंबईला आले आणि गाण्यात रमले. ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी गायकांवर लेख लिहिले. १९३३ साली ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे त्यांचे पुस्तक निघाले. नावातला ‘आजचे’ हा शब्द पाहा. गेलेल्या गवयांची स्तुती करणे सोपे असते, कारण त्यांचे चाहतेही म्हातारे झालेले असतात. भोळ्यांनी हयात गायकांविषयी, त्यांच्या आवाजाविषयी, लयीविषयी, आवडीनिवडीविषयी उघड लिहिले. ‘वाहवा’ आणि ‘छे छे’ यांच्या पलीकडे जाऊन का बरे आणि का बरे नाही, हे सांगण्याची रीत त्यांनी घातली.

आणखी एक विशेष. हा टीकाकार नुसता काठावर बसलेला नव्हता. त्याच १९३३ सालच्या जुलैत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आले. त्याला संगीत भोळ्यांचे. नाटकात थोडी, आटोपशीर, प्रसंगाला धरून असणारी पदे. जुन्या नाट्यसंगीताच्या लांबणीवर लेखांतून बोलणाऱ्याने नवे गाणे करूनही दाखवले. पुढे प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटांना त्यांनीच संगीत दिले. बोलपटाचे गाणे म्हणजे हलका माल, असे म्हणणाऱ्या शास्त्रीय मंडळींना हे एक उत्तरच होते. नव्या प्रकाराला जुन्या गजाने मोजू नका, असे त्या उत्तराचे मर्म.

याच सुमारास भावगीत आले. विदर्भातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची शिळेची कविता जी. एन. जोशी यांनी गायिली. तिची तबकडी निघाली आणि घराघरात गेली. या प्रकाराला दोन्हीकडून टोले बसले. गवई म्हणत, यात राग कुठे आहे? काही कवी म्हणत, चालीने आमच्या शब्दांचा अर्थ झाकला. दोघांच्या म्हणण्यात थोडे तथ्य होतेच. पण ज्याला ना ख्याल ऐकायला मिळत होता, ना कवितेचे पुस्तक हाती लागत होते, त्या तिसऱ्या माणसाला या तबकडीने कविता दिली. गजाननराव वाटव्यांसारखे गायक गणेशोत्सवाच्या मांडवांतून कविता गात हिंडले, तेव्हा हा तिसरा माणूस रात्र रात्र बसून ऐकत होता. टीकाकारांच्या वादात त्याची साक्ष मात्र कोणी काढली नाही.

आता रेडिओकडे येऊ. आकाशवाणीच्या पुस्तिकेत आकाशवाणीची गोष्ट सांगताना हात आखडता घेणे बरे नव्हे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस मराठी, पॅरिसला शिकलेला आणि शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमानी. चित्रपटगीतांनी देशाची रुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. ते मत लेखात राहिले असते तर त्याला टीका म्हणता आले असते. पण ते धोरण झाले. आकाशवाणीवरून चित्रपटगीते आधी कमी झाली आणि मग निर्मात्यांशी वाद होऊन जवळजवळ दिसेनाशी झाली.

लोकांनी काय केले? रेडिओची सुई सरकवली! त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर आठवड्याला गाण्यांची चढती भाजणी लागे. कोणते गाणे कोणत्या पायरीवर, यासाठी श्रोते पत्रे लिहीत, मंडळे काढीत. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने विविधभारती सुरू केली आणि चित्रपटगीत सन्मानाने घरी परतले.

या प्रकरणात चुका दोन झाल्या, आणि दोन्ही आजही होतात. पहिली चूक टीकेचा हुकूम करण्याची. रुची हुकमाने सुधारत नाही. सुधारते ती सहवासाने. दुसरी चूक लोकांच्या बाजूची. गाणे कितव्या पायरीवर आहे हेच त्याचे मोल, असे आपण धरून चाललो. पण पायरी ही गणती झाली, पारख नव्हे. बाजारात ज्याचे ढीग जास्त ते फळ जास्त गोड, असे कुणी म्हणत नाही.

आकाशवाणीनेच याच काळात तिसरी वाट दाखवली, हेही सांगितले पाहिजे. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. दर आठवड्याला एक नवे गाणे, अशी ५६ गाणी वर्षभर चालली. त्यात राग होते, भजनाचा साधेपणा होता, भावगीताची स्पष्ट शब्दफेक होती. पंडितांनी मान डोलावली आणि आडगावातल्या आजीबाईने रेडिओपुढे हात जोडले. लोकप्रिय आणि चांगले यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, हे सिद्ध व्हायला आणखी कोणता पुरावा हवा?

इथवर बोलणे मुंबई-पुण्याचे झाले. आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ, कारण पारख म्हणजे काय हे त्याहून चांगले दुसरे कोणी शिकवणार नाही. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावला नांदलेल्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात गाणी रचीत. लिहिणे-वाचणे त्यांना येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी ती गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना शुद्ध सोने ओळखायला दगडाचीही गरज पडली नाही. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि जळगावची घरातली बोली सगळ्या महाराष्ट्राच्या शाळेत जाऊन बसली.

यात अत्र्यांचा वाटा मोठाच, पण बारकाईने पाहिले तर पारखी तिघे होते. पहिले टिपून घेणारे, कारण टिपले नसते तर पारखायला उरलेच नसते. दुसरे अत्रे. तिसरे वाचक, ज्यांनी ते मत आपल्या जगण्याशी ताडून खरे ठरवले. यांतला एकही नसता तर हा ऐवज बाईंबरोबर गेला असता.

मात्र एक गोष्ट पुस्तकातून निसटली. नाव ‘गाणी’, पण छापले गेले ते शब्द. चाल कागदावर आली नाही. जात्याच्या फेऱ्याला धरून बाईंचा सूर कुठे चढे, कुठे थांबे, हे प्रस्तावनेतही नाही आणि ओळींतही नाही. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी या गाण्यांना चाली दिल्या. नंतर यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी ती गायिली. चाली सुरेख आहेत, घरोघर ऐकल्या जातात. पण त्या संगीतकारांच्या चाली आहेत. आज शाळेत मुले बहिणाबाईंचे गाणे म्हणतात तेव्हा शब्द आपल्या मातीतले आणि सूर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातला असतो. हा दोष संगीतकारांचा नाही. वेळेवर शब्दांना पारखी भेटला, सुरांना भेटला नाही, इतकेच.

ही खंत जुनी म्हणून सोडून देता येत नाही, कारण तीच गोष्ट पुढेही घडत राहिली. १९८० नंतर कॅसेटचे युग आले. तबकडी काढायला कंपनी लागे, मोठा खर्च लागे. कॅसेट मात्र लहान गावातला हौशी माणूसही काढू लागला. गाण्याच्या धंद्याची किल्ली पहिल्यांदाच मोठ्या शहराच्या हातून थोडी सुटली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांची उडत्या चालीची गाणी एस.टी. स्टँडवरच्या टपरीपासून ट्रॅक्टरपर्यंत वाजू लागली. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी रचलेली गाणी तर आधीच वस्तीवस्तीत पोचली होती. जयंतीच्या रात्री त्या गाण्यांनी माणसे उभी केली. पण भावगीताच्या एका तबकडीवर रकाने भरणाऱ्या नियतकालिकांनी या कॅसेटींना किती जागा दिली? बहुतेक वेळा मौन, नाही तर ‘सवंग’ हा एक शब्द. एका शब्दाने निकाल लावणे म्हणजे न ऐकताच बोलणे. त्यात सवंग काही नव्हते असे नाही. पण सवंग कोणते आणि अस्सल कोणते, हे निवडणे हेच तर टीकाकाराचे काम! सगळेच सूप उलटे करून टाकले तर दाणेही जातात.

आपल्या अहिराणीचे असेच झाले. कानबाईची गाणी, आखाजीला गौराईपुढे म्हटली जाणारी मुलींची गाणी, लग्नातली हळदीची गाणी, वहीगायन, हे आपले पिढ्यापिढ्यांचे भांडवल. कॅसेट आली तशी यांतली काही गाणी तिच्यावर आली, मग चकतीवर, आणि आता मोबाइलवर. ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणे काही वर्षांपूर्वी निघाले. ते कोट्यवधी वेळा ऐकले-पाहिले गेले आणि अहिराणीचा एक शब्द न कळणाऱ्या जिल्ह्यांतल्या वरातींतही वाजले. ज्या बोलीत बोलल्याबद्दल आपल्या मुलांना वर्गात हसू येई, त्या बोलीच्या गाण्यावर परजिल्ह्यातली मुले नाचली. ही लहान गोष्ट नव्हे.

पण इथेही गणती झाली, पारख राहिली. किती वेळा पाहिले, हा आकडा सर्वांना पाठ. गाणे कसे आहे, हे कुणी लिहिले? शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम मुंबईचा टीकाकार करील अशी वाट पाहू नका. त्याला अहिराणी येत नाही, आणि येत नाही हा काही त्याचा गुन्हा नव्हे. येते ती तुम्हाला. शिरपूर-शिंदखेड्याची अहिराणी आणि चाळीसगावकडची अहिराणी यांतला फरक तुमच्या कानाला कळतो. यावल-रावेरकडची लेवा बोली आणि अहिराणी एक नव्हे, हेही तुम्हालाच कळते.

कठीण असे काही नाही. नवे गाणे आले की ते दोनदा ऐकावे. एकदा नाचणाऱ्यांच्या गर्दीत आणि एकदा शांत बसून. मग स्वतःला विचारावे. शब्द घरात बोलतो तसे आहेत, की हिंदी गाण्याला अहिराणी प्रत्यय चिकटवले आहेत? चाल कुठली? कानबाईच्या गाण्याची असेल तर तसे कबूल केले आहे का? ढोलताशा आणि यंत्राचा ठोका शब्दांना उचलतो की बुडवतो? गाण्यातली पोर ही माणूस आहे की नुसती चेष्टेची वस्तू? आणि सहा महिन्यांनी बँडवाला ते वाजवतो का? बँडवाल्याला कमी लेखू नका. वरातीत कोणते गाणे पाय उचलते आणि कोणते पाडते, हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. तोही एक टीकाकारच. फक्त तो लिहीत नाही.

शाळेच्या भित्तिपत्रकात अशी दहा ओळींची मते मुलांकडून लिहून घ्या. ‘आवडले’ एवढ्यावर सोडू नका, ‘का’ ते विचारा. एखादे मूल घरच्या रेडिओवर, एखादे आजीच्या तोंडून ऐकलेल्या गाण्याशी नव्या गाण्याची तुलना करील. आणि आजी गाणे म्हणत असेल तेव्हा त्याच मोबाइलवर ते टिपून ठेवा. शब्दच नव्हे, सूरही. सोपानदेवांजवळ वही आणि लेखणी होती. ती त्यांनी कामी आणली म्हणून आज बहिणाबाई आपल्याजवळ आहेत. आपल्याजवळ आवाज धरून ठेवणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

येत्या श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. रात्रभर गाणी होतील. त्यांतले एखादे नवे असेल, एखादे आजीच्या आजीचे असेल. दोन्ही नीट ऐका, आणि सकाळी रोट खाता खाता आपले मत कागदावर उतरवा.